घर मुलाच्या नावावर करू नका, मुलासाठी ठेवा

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी ६८ वर्षांचा, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो. पत्नी ६४ वर्षांची. मोठा मुलगा ३१ वर्षांचा आहे. त्याला ७५ टक्के बौद्धिक अक्षमता आहे. जेवण, आंघोळ त्याचं तो करतो, पण पैसे आणि व्यवहार कळत नाहीत. धाकटी मुलगी लग्न होऊन परदेशात आहे. माझी ९० वर्षांची आई आमच्याकडेच असते. राहता फ्लॅट आम्हा नवरा-बायकोच्या नावे, काही मुदत ठेवी, दोन विमा पॉलिसी आणि गावाकडे भावांबरोबर सामाईक शेतजमीन, एवढी मालमत्ता.

एक मित्र म्हणतो, सगळं मुलाच्या नावावर करून टाका. दुसरा म्हणतो, मुलीला बक्षीसपत्र करून द्या, ती भावाला बघेल. मुलगी म्हणते, "बाबा, मी आहे ना, कागद कशाला?" जवळच राहणाऱ्या पुतण्याचा मुलाला फार लळा आहे आणि तो सांभाळायला तयार आहे. पण त्याच्या बायकोने मध्यंतरी बोलून दाखवलं, "मग घर आमच्या नावावर होणार का?" ते ऐकून आमची झोप उडाली. नॉमिनी सगळीकडे लावले आहेत. तेवढं पुरे का? कोणी ट्रस्ट करायला सांगतं, पण ट्रस्ट म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडची संस्था ना? आम्ही काय करावं?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा प्रश्न पुतण्याच्या बायकोने विचारला आहे. तिच्यावर रागावू नका. तुमच्या माघारी कदाचित तीस वर्षं तिच्या घरात एक माणूस वाढणार आहे. त्याचं दुखणंखुपणं आणि त्याचे हट्ट तिला बघावे लागणार आहेत. त्या बदल्यात आपल्या पदरात काय, हे ती आज तोंडावर विचारते आहे. तुम्ही गेल्यावर मनात ठेवून वागण्यापेक्षा हे फार बरं. तिला उत्तर द्यायला हवं, मात्र ते "हो, घर तुमचं" असं नसावं. का ते पुढे सांगतो.

आधी, काहीच केलं नाही तर काय होईल ते पाहू. तुम्हाला हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागू आहे असं धरतो. मृत्युपत्र न करता पुरुष गेला, तर त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान वाटा मिळतो. आईचं नाव बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तुम्ही आईच्या आधी गेलात तर फ्लॅटमधल्या तुमच्या अर्ध्या हिश्श्याचे चार भाग पडतील आणि त्यातला एक आईकडे जाईल. पुढे आई गेली की तो भाग तिच्या सगळ्या मुलामुलींकडे, म्हणजे तुमच्या भावांकडे, बहीण असली तर तिच्याकडेही जाईल. भाऊ कितीही चांगले असले, तरी तुमच्या दिव्यांग मुलाच्या राहत्या घरात आणखी दोन-तीन कुटुंबांचे हिस्सेदार येऊन बसतील. पुढे घर विकायची वेळ आली तर प्रत्येकाची सही लागेल. आणि तुमचा मुलगा सही करू शकत नाही.

दोघांच्या नावावर फ्लॅट आहे म्हणून एक गेल्यावर दुसरा आपोआप पूर्ण मालक होतो, हाही गैरसमज आहे. ज्याचा त्याचा हिस्सा ज्याच्या त्याच्या वारसांकडे जातो. म्हणून मृत्युपत्रं दोन करा, तुमचं वेगळं आणि वहिनींचं वेगळं. नवरा-बायकोने एकाच कागदावर संयुक्त मृत्युपत्र करण्याची हौस काही जणांना असते. ती टाळा. एक गेल्यावर उरलेल्याला त्यात बदल करता येतो की नाही, यावरून वाद घालायला वकिलांना भरपूर जागा मिळते.

नॉमिनीचं थोडक्यात सांगतो. बँकेला किंवा सोसायटीला पैसे अथवा कागद कोणाच्या हाती द्यायचे हे कळावं म्हणून नॉमिनी असतो. मालक कोण हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्ये सांगितलं आणि शेअरबाबत २०२३ मध्ये पुन्हा तेच सांगितलं. महाराष्ट्रात २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण सोसायटीतला नॉमिनी फक्त तात्पुरता सभासद होतो. पक्कं सभासदत्व मृत्युपत्र किंवा वारसाचे कागद पाहूनच मिळतं. विम्यात मात्र गुंता आहे. २०१५ च्या दुरुस्तीने पती-पत्नी, मुलं आणि आईवडील या नॉमिनींना लाभार्थीचा दर्जा दिला. तो वारसाहक्कावर मात करतो का, यावर न्यायालयांत एकवाक्यता नाही. म्हणून पॉलिसीवर एक नाव आणि मृत्युपत्रात दुसरं, असं होऊ देऊ नका. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, एकत्र किंवा एकामागून एक. या सोयीचा फायदा घ्या, पण मुलाचं नाव नॉमिनी म्हणून कुठेही घालू नका. त्याच्या हाती पैसे द्यायचे म्हटले की बँक कायदेशीर पालक मागेल, आणि तो नेमला नसेल तर पैसे तिथेच अडकतील. पहिलं नाव वहिनींचं लावा आणि दुसरं पुढे नेमाल त्या ट्रस्टीचं, म्हणजे ट्रस्ट सांभाळणाऱ्या माणसाचं. ट्रस्टबद्दल पुढे सांगतो.

मुलाच्या नावावर सगळं करण्याचा सल्लाही याच कारणाने बाद होतो. मालकी त्याची, पण भाड्याचा करार करणं, ठेव मोडणं, घर विकणं यातलं काहीच त्याला करता येणार नाही. त्याच्या वतीने जो करेल तोच खरा मालक असल्यासारखा वागेल, आणि त्याला हिशोब विचारायला तुम्ही नसाल.

मुलीला बक्षीसपत्र करून देण्याचा मार्ग ऐकायला सोपा वाटतो. महाराष्ट्रात राहतं घर मुला-मुलीला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, म्हणून हा सल्ला चहाच्या टपरीवरही मिळतो. पण बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की तुम्ही तुमच्याच घरात तिचे पाहुणे. ते मनात आलं म्हणून रद्द करता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळवण्याची तरतूद आहे. पण ती तरतूद तुम्हाला वाचवते, तुमच्या मुलाला नाही. शिवाय मुलीवर तुमचा पूर्ण विश्वास असला तरी तिच्या आयुष्यात काय घडेल ते तिच्याही हातात नाही. घटस्फोट होऊ शकतो, धंद्याचं कर्ज डोक्यावर येऊ शकतं, ती तुमच्या आधीही जाऊ शकते. घर तिच्या नावावर असेल तर तिचे वारस आणि तिला कर्ज दिलेले लोक त्या घरावर हक्क सांगतील. तिने मनात बाळगलेलं "हे दादाचं आहे" त्यांना बांधील नसतं. म्हणून "मी आहे ना" या तिच्या वाक्याला "तू आहेस म्हणूनच कागद हवा" एवढंच सांगा.

आता ट्रस्टकडे येऊ. तुम्ही म्हणता तो धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवायचा असतो सार्वजनिक ट्रस्ट. देवस्थानं, शाळा, दवाखाने यांचा. तुम्हाला हवा तो खासगी ट्रस्ट. तो भारतीय न्यास कायदा, १८८२ खाली येतो आणि धर्मादाय आयुक्तांशी त्याचा संबंध नसतो. त्यात मालमत्ता ट्रस्टीच्या ताब्यात राहते, पण तिचा उपयोग फक्त लाभार्थीसाठी, इथे तुमच्या मुलासाठी, आणि तुम्ही लिहिलेल्या अटींप्रमाणेच करावा लागतो. ट्रस्टीने पैसे स्वतःसाठी वापरले तर त्याला कोर्टात खेचता येतं. नुसत्या मृत्युपत्राने घर कोणाला मिळणार एवढंच ठरतं. पुढची तीस वर्षं त्या घराचं आणि पैशाचं काय करायचं, ते ट्रस्टमध्ये लिहून ठेवता येतं. तुमच्या घरात गरज त्या तीस वर्षांची आहे.

ट्रस्ट दोन प्रकारे करता येतो, हयातीत दस्त करून किंवा मृत्युपत्रातच लिहून. माझं मत विचाराल तर दोन्हींची सांगड घाला. आत्ता एक छोटा ट्रस्ट करा. दस्त नोंदवा, ट्रस्टच्या नावे पॅन काढा, खातं उघडा आणि त्यात मुलाच्या वर्ष-दोन वर्षांच्या खर्चाला पुरेल एवढीच रक्कम टाका. फ्लॅट आत्ता त्यात घालू नका. स्थावर मालमत्ता हयातीत खासगी ट्रस्टला द्यायची तर दस्त नोंदवावा लागतो आणि मुद्रांक शुल्काचा बोजा मोठा पडू शकतो. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. म्हणून फ्लॅट आणि बाकीच्या ठेवी मृत्युपत्राने त्याच ट्रस्टच्या ट्रस्टींकडे जातील असं लिहा.

फक्त मृत्युपत्रातला ट्रस्ट का नको? तो तुम्ही गेल्यावरच जन्माला येतो. उद्या तुम्हाला अर्धांगवायूचा झटका आला किंवा विस्मरण सुरू झालं, तर तुम्ही हयात असता पण व्यवहार करू शकत नाही, आणि त्या काळात मृत्युपत्र निरुपयोगी असतं. छोटा ट्रस्ट चालू असला की मुलाचा दवाखाना आणि महिन्याचा खर्च कोणासाठी अडत नाही. दुसरा फायदा असा, की ट्रस्टी तुमच्या डोळ्यांसमोर वर्षभर काम करतील. हिशोब वेळेवर देतात का, मुलाला भेटायला येतात का, ते दिसेल. ट्रस्ट रद्द करण्याचा किंवा ट्रस्टी बदलण्याचा अधिकार हयातीत स्वतःकडे राखून ठेवा, आणि हे दस्तातच स्पष्ट लिहा. न लिहिता नंतर तो मिळत नाही. असा अधिकार राखला की ट्रस्टचं उत्पन्न करासाठी तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं, पण एवढ्या रकमेसाठी त्याची फिकीर नको. पुढच्या काळातल्या कराचं मात्र सीएला विचारा. एकच लाभार्थी आणि त्याचा ठरलेला हक्क असा ट्रस्ट असेल तर कर साधारणपणे त्या लाभार्थीच्या दरानेच लागतो. "ट्रस्टींना वाटेल तसं वाटप" अशी मोघम रचना केली तर काही अपवाद सोडून सर्वात वरचा दर लागतो. वारसा कराची धास्ती नको, आपल्याकडे तो १९८५ मध्येच रद्द झाला.

आता पुतण्याच्या बायकोचा प्रश्न. माझ्या अनुभवात अशा घरांत भांडण कागद नसल्यामुळे जितकं होतं, तितकंच तीन कामं एकाच माणसाकडे दिल्यामुळे होतं. मुलाला सांभाळायचं कोणी, पैसे सोडायचे कोणी आणि मुलाच्या पश्चात उरेल ते घ्यायचं कोणी, ही ती तीन कामं. तिन्ही पुतण्याकडे दिलीत, तर मुलावर खर्च केलेला प्रत्येक रुपया त्याच्या स्वतःच्या खिशातून गेल्यासारखा होतो. माणूस कितीही सज्जन असो, फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा बोलवायचा की एकदा, याचा निर्णय घेताना त्याच्या मनात घर येणारच. आपणच त्याला त्या पेचात का टाकायचं?

म्हणून सांभाळणं पुतण्याकडे द्या आणि त्याचा मोबदला उघडपणे ठरवा. १८८२ च्या कायद्याप्रमाणे दस्तात लिहिलेलं नसेल तर ट्रस्टीला मेहनताना मागण्याचा हक्क नसतो. पुतण्या ट्रस्टी नसला तरी त्याला काय आणि किती द्यायचं हे दस्तात नमूद केलेलं बरं. दर महिन्याला ठराविक रक्कम द्या आणि ती दोन-तीन वर्षांनी वाढवण्याची मुभा ट्रस्टींना ठेवा. तो कुटुंबासह तुमच्या फ्लॅटमध्ये राहायला येणार असेल, तर मुलगा तिथे राहतो आणि त्याची देखभाल नीट होते तोवर राहण्याची परवानगी द्या, मालकी नको. शिवाय सांभाळलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे एक रक्कम त्याच्या नावे साठत जाईल आणि त्याने काम सोडताना किंवा मुलाच्या पश्चात ती त्याला मिळेल, असं लिहा. यात एक गोम आहे. मुलगा जितकी वर्षं धडधाकट जगेल, तितकी ती रक्कम वाढते. घर मुलाच्या पश्चात देऊ केलंत तर गणित नेमकं उलटं होतं. सुनेला हे समोर बसवून समजावून सांगा, आकड्यांसकट. तिने विचारलं होतं त्यापेक्षा हे कमी असेल, पण ते पक्कं असेल आणि पहिल्या महिन्यापासून हातात पडेल.

ट्रस्टी तीन असावेत, आणि निर्णय दोघांच्या सहीने व्हावेत. तुमच्या वयाचे मित्र नकोत. ते तुमच्याबरोबरच म्हातारे होतील. चाळिशी-पंचेचाळिशीतली, हिशोबाची सवय असलेली दोन माणसं शोधा. तुमच्या मुलाच्या शाळेतल्या किंवा कार्यशाळेतल्या पालकांपैकी कोणी असेल तर उत्तम, कारण त्यांना हे जगणं माहीत असतं. तिसरी जागा वहिनींची ठेवा. त्यांच्यानंतर कोण आणि त्याच्यानंतर कोण, हे दस्तात लिहा किंवा उरलेल्या ट्रस्टींना नवा नेमण्याचा अधिकार द्या. हे कलम राहून गेलं की नवा ट्रस्टी कोणी नेमायचा यावरून वाद होऊन कोर्टाचे खेटे घालावे लागू शकतात.

मुलीला मी ट्रस्टी करणार नाही. परदेशातून बँकेच्या केवायसीसाठी आणि सह्यांसाठी धावपळ करून ती दमून जाईल, आणि मुलाच्या पश्चात उरलेलं बहुतेक तिच्याकडेच जायचं असल्याने पुतण्याला जो पेच तोच तिलाही. तिला दुसरं मोठं काम द्या. दरवर्षीचा हिशोब तिला पाठवायचा, आणि काही वावगं दिसलं तर ट्रस्टी बदलण्याचा अधिकार तिला. वर्षातून एकदा ती भावाला भेटायला येईल तेव्हा कपाटातले कपडे, दात आणि औषधांच्या पट्ट्या बघेल. कागदावरच्या हिशोबापेक्षा यातून तिला जास्त कळेल.

शेतजमीन ट्रस्टमध्ये घालण्याच्या फंदात पडू नका. पहिला प्रश्न, ती नक्की कोणाची? तुमच्या वडिलांनी स्वतः घेतलेली जमीन ते मृत्युपत्र न करता गेल्यावर तुमच्याकडे आली असेल, तर तुमचा वाटा वैयक्तिक आणि तो तुम्ही हवा त्याला देऊ शकता. खरी वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची असेल, तर तुमच्या मुलाचा आणि मुलीचा तीत जन्मतः हक्क आहे. मुलींच्या या हक्काबद्दलचा वाद सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निकालात काढला. अशा जमिनीत फक्त तुमच्या अविभक्त हिश्श्याचं मृत्युपत्र होतं. त्यात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देण्यावरच्या बंदीमुळे ट्रस्टच्या नावे फेरफार करताना अडचण येऊ शकते. तुम्ही आणि भाऊ हयात आहात, बोलणं आहे, तोवरच सातबारा घेऊन बसा आणि वाटणी करा किंवा तुमचा वाटा भावांना विका. ते पैसे मुलासाठी जास्त कामाचे. मात्र मुलाचा जन्मतः हक्क असेल तर त्याच्या हिश्श्यापुरता कायदेशीर पालक आणि रीतसर परवानगी लागेल. तिथे हक्कसोडपत्रावर त्याचा अंगठा घ्यायचा विचारही करू नका.

कायदेशीर पालकाचं काम तर या सगळ्याच्या आधी करायला हवं होतं. मुलगा १८ वर्षांचा झाला त्या दिवशी कायद्याच्या नजरेत तुम्ही त्याचे पालक उरला नाहीत. अनेक आईवडिलांना हे बँकेच्या खिडकीवर कळतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. आत्ता तुम्ही दोघांनी अर्ज करा. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशोब समितीला द्यावा लागतो. तुमच्यानंतर पुतण्या पालक व्हावा असं मृत्युपत्रात जरूर लिहा, पण तेवढ्याने तो पालक होत नाही. नेमणूक तेव्हाही समितीच करेल, तुमची लेखी इच्छा तिच्यासमोर राहील. याच न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची. घेतली नसेल तर घ्या. आणि तुमच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत मुलाचं नाव दिव्यांग अपत्य म्हणून प्रमाणपत्रासह नोंदवलं आहे का, ते कार्यालयात जाऊन पाहा. तुम्हा दोघांनंतर कुटुंब निवृत्तिवेतन अशा अपत्याला चालू राहण्याची तरतूद आहे, पण तुम्ही गेल्यावर हे प्रकरण उभं करायला कोणाकडे ना माहिती असते ना चिकाटी.

मृत्युपत्राच्या मजकुराबद्दल. पहिला जो जाईल त्याचं सगळं दुसऱ्याला, आणि दुसरा आधीच गेला असेल किंवा दोघं एकाच वेळी गेलो तर ट्रस्टींकडे, अशी साधी रचना दोघांच्याही मृत्युपत्रात ठेवा. आईच्या औषधपाण्याची आणि राहण्याची सोय एका परिच्छेदात लिहा. मुलीला थेट काय देताय आणि कमी का देताय, हेही तुमच्या शब्दांत लिहा. "मुलीचं शिक्षण आणि लग्न आम्ही केलं, ती स्वतःच्या पायावर उभी आहे, मुलाला आयुष्यभर आधार लागणार आहे" एवढं पुरतं. वारसाला डावललं आणि कारण दिलं नाही, की कोर्टात त्याकडे संशयास्पद परिस्थिती म्हणून बोट दाखवलं जातं. तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर असते. हे तत्त्व १९५८ पासून पक्कं आहे. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारा, म्हणून ट्रस्टींपैकीच एकाला नेमा.

सहीच्या दिवशी घाई करू नका. कायद्याला दोन साक्षीदार लागतात. दोघांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा सही तुमचीच आहे असं तुम्ही त्यांना सांगितलेलं असावं, आणि दोघांनी तुमच्यासमोर सही केलेली असावी. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण आणि सापडण्याजोगे घ्या, कारण पुढे वाद झालाच तर निदान एकाला कोर्टात येऊन सांगावं लागतं. पुतण्या, त्याची बायको, मुलगी, जावई यांपैकी कोणी साक्षीदार नको. हिंदूंमध्ये लाभार्थी साक्षीदार असला म्हणून त्याला दिलेलं आपोआप रद्द होत नाही, पण संशयाला आयतं निमित्त मिळतं. प्रत्येक पानावर सही करा, खाडाखोड टाळा, आणि नेहमीच्या डॉक्टरांकडून त्याच दिवसाचं, मानसिक स्थिती उत्तम असल्याचं प्रमाणपत्र घ्या. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्याच. तुम्ही स्वतः तिथे हजर होतात, याची सरकारदरबारी नोंद राहते. मन बदललं तर नवं मृत्युपत्र कधीही करता येतं. त्यालाही दोन साक्षीदार लागतात. जुन्या कागदावर पेनाने बदल करून भागत नाही.

(मुस्लिम वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता देता येत नाही, त्यामुळे हयातीतल्या ट्रस्टचा विचार त्यांनी वेगळ्या सल्ल्याने करावा.)

वहिनींसाठी एक काम आहे. ते वकील करू शकत नाही. त्यांनी एका वहीत मुलाचा दिवस लिहून काढावा. तो कुठल्या आवाजाला घाबरतो, गोळी कशाबरोबर घेतो, रात्री कुठला दिवा लागतो, पोटात दुखत असेल तर तो ते कसं दाखवतो, दाढी कोणाकडून करून घेतो, कोणतं गाणं लावलं की शांत होतो. डॉक्टरांची नावं, औषधांचे डोस, अ‍ॅलर्जी, दिव्यांग प्रमाणपत्र कुठे आहे, हेही त्यातच. या वहीला कायद्यात काही स्थान नाही, पण दस्तात एक ओळ घाला, की ट्रस्टींनी खर्चाचे निर्णय घेताना ही वही वाचावी. मग गाण्यांसाठी नवा स्पीकर घ्यायचा की नाही यावर कोणाला कपाळाला आठ्या घालाव्या लागत नाहीत. वही दर वाढदिवसाला तपासा, सवयी बदलतात.

क्रम असा ठेवा. या महिन्यात पालकत्वाचा अर्ज आणि निवृत्तिवेतनाची नोंद. त्याच सुमारास दोघांची साधी मृत्युपत्रं करून ठेवा, त्यातच मुलासाठीच्या ट्रस्टच्या अटी आणि ट्रस्टींची नावं घाला. ट्रस्टचा दस्त तयार व्हायला वेळ लागेल, आणि तेवढ्या काळात काही झालं तर हात रिकामे नकोत. दस्त नोंदवला की मृत्युपत्रं नव्याने करा आणि जुनी रद्द केल्याचं त्यात लिहा. मूळ प्रती बँकेच्या लॉकरमध्ये एकट्याच्या नावे ठेवू नका. तुम्ही गेल्यावर लॉकर उघडायलाच वेळ जाईल. एक्झिक्युटरकडे मूळ प्रत आणि मुलीकडे छायाप्रत, असं केलंत तरी चालेल. पुतण्या आणि सुनेला बोलवाल तेव्हा मुलीलाही व्हिडिओ कॉलवर घ्या, म्हणजे कोणाला काय सांगितलं यावर नंतर दोन मतं व्हायची नाहीत.